जो मीक खरंच मोठा निर्माता होता का?

तुम्ही विचारलंय की इंग्लंडचा रेकॉर्ड निर्माता जो मीक खरोखर मोठा होता, की त्याचा शेवट इतका भयंकर झाला म्हणून त्याचं नाव टिकलं. माझ्या मते शेवट साधा झाला असता तरी ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात त्याला वगळता आलं नसतं. उलट त्या शेवटाची गोष्ट इतकी सांगितली जाते की त्याचं काम ऐकायचं राहूनच जातं.

जुलै १९६२मध्ये टेलस्टार उपग्रह अवकाशात गेला आणि अटलांटिकपलीकडची टीव्हीची चित्रं थेट दिसू लागली. मीकने लगेच त्याच नावाची धून रचली. ‘द टॉर्नेडोज’ने वाजवलेली ही रेकॉर्ड ऑगस्टमध्ये आली आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. तिथे पहिला आलेला हा पहिला ब्रिटिश बँड. बीटल्सना तिथवर जायला त्यानंतर वर्षाहून जास्त काळ लागला.

‘टेलस्टार’मधली मुख्य धून ज्या वाद्यावर वाजते ते आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलंय. ते क्लॅव्हायोलिन. व्हॉल्व्हवर चालणारा छोटासा कीबोर्ड, एका वेळी एकच सूर देणारा. १९५४च्या ‘नागिन’मध्ये हेमंतकुमारांच्या संगीतात जी बीन ऐकू येते, ती कल्याणजींनी याच वाद्यावर वाजवली होती आणि सोबत रवींचं हार्मोनियम होतं. मुंबईत या वाद्यातून नाग डोलवणारी पुंगी निघाली, आठ वर्षांनी लंडनमध्ये त्यातूनच उपग्रह निघाला. दोन्ही लागोपाठ ऐकून बघा. मीकने काय केलं ते कोणत्याही लेखापेक्षा लवकर कळेल. बँडचं वादन आधी टेपवर घेतलं, वादक निघून गेल्यावर त्याचा साथीदार संगीतकार जेफ गॉडार्डकडून क्लॅव्हायोलिन त्यावर चढवलं, इको दिला, आवाज दाबून घट्ट केला आणि सुरुवातीची रॉकेटसारखी घरघर घरीच तयार करून जोडली. म्हणजे जे आपण ऐकतो ते एकाच वेळी कुठल्याही खोलीत वाजलेलंच नव्हतं.

हे आज साधं वाटतं. त्या काळी इंग्लंडमधल्या मोठ्या स्टुडिओंमध्ये इंजिनिअरचं काम म्हणजे समोर वाजतंय ते जसंच्या तसं टिपणं. माईक ठरलेल्या अंतरावर, मीटरची सुई लाल पट्ट्याच्या अलीकडे. मीक सैनिकी सेवेत रडारचं काम शिकून आलेला, त्याला यंत्राची भीती नव्हती. माईक तो वाद्याला अगदी चिकटवायचा आणि बेस गिटारची वायर थेट यंत्राला जोडायचा. त्याला स्वरलिपी येत नव्हती, वाद्य वाजवता येत नव्हतं. चाल सुचली की स्वतः गुणगुणून टेप करायची आणि गॉडार्डसारख्या जाणकाराने त्यातून सूर शोधायचे. त्याचं खरं वाद्य टेप मशीन होतं, असं मी अगदी शब्दशः मानतो.

आणि हे सगळं भाड्याच्या घरात. उत्तर लंडनमध्ये ३०४, हॉलोवे रोड, खाली चामड्याच्या सामानाचं दुकान, वरच्या मजल्यांवर मीकचा संसार आणि स्टुडिओ. गायक कधी बाथरूममध्ये उभा, कारण तिथे आवाज छान घुमतो. १९६४मध्ये ‘द हनीकोंब्स’च्या ‘हॅव आय द राइट’साठी त्याने बँडला लाकडी जिन्यावर पाय आपटायला लावले आणि सायकलच्या क्लिपांनी कठड्याला माईक बांधले. ते गाणंही इंग्लंडमध्ये पहिलं आलं. तयार टेप तो कंपन्यांना कराराने द्यायचा. आज पुण्यात किंवा नाशिकमध्ये एखादी मुलगी बेडरूममध्ये लॅपटॉपवर आख्खं गाणं बनवते आणि मग ते कुणाला द्यायचं ते ठरवते. मीकचा वारसा मला सगळ्यात जास्त तिथे दिसतो, ‘अवकाशातल्या’ आवाजांपेक्षाही जास्त. त्याच्या घरातून पुढे गेलेल्या वादकांत रिची ब्लॅकमोरही आहे, डीप पर्पल या रॉक बँडचा गिटारवादक.

आता शेवटाबद्दल, कारण तो टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. एका फ्रेंच संगीतकाराने ‘टेलस्टार’ची चाल आपली आहे असा दावा लावला आणि खटला चालू असेपर्यंत मीकला त्या रेकॉर्डचं मानधन मिळालं नाही. निकाल त्याच्या बाजूने लागला, पण तो गेल्यावर. तो समलिंगी होता, तेव्हा तो गुन्हा होता. १९६३मध्ये त्याला अटक झाली, बातमी वर्तमानपत्रात आली. उत्तेजक गोळ्या, कर्ज, आपलं संगीत कुणी चोरून ऐकतंय हा संशय, सगळं वाढत गेलं. ३ फेब्रुवारी १९६७ला त्याने घरमालकीण व्हायलेट शेंटन यांना बंदुकीने गोळी घातली आणि मग स्वतःला. बडी हॉली हा त्याचा लाडका गायक ८ वर्षांपूर्वी याच तारखेला वारला होता, म्हणून लोक यात काही गूढ शोधतात. मला ते अजिबात पटत नाही. त्या योगायोगाच्या नादात शेंटनबाईंचं नावच मागे पडतं. मीकवर अन्याय झाला होता. तो गेल्यावर सहा महिन्यांच्या आत समलिंगी असणं गुन्हा ठरवणारा कायदा बदलला हे वाचून मला आजही वाईट वाटतं. पण त्या अन्यायाशी या बाईंचा काही संबंध नव्हता. त्याच्या कामाचं कौतुक करताना हे मी विसरत नाही, कुणी विसरू नये.

तो गेल्यावर घरातल्या टेप चहाच्या लाकडी खोक्यांत भरून विकल्या गेल्या. अशी ६० हून जास्त खोकी, ती कित्येक वर्षं जवळजवळ तशीच पडून होती. २०२०मध्ये चेरी रेड या कंपनीने ती घेतली आणि त्यातलं संगीत आता हळूहळू बाहेर येतंय.

ऐकायला सुरुवात करणार असाल तर ‘टेलस्टार’नंतर १९६१चं ‘जॉनी रिमेंबर मी’ घ्या, घोड्यांच्या टापांसारखी लय आणि मागे दूरवरून येणारा बाईचा आवाज. मग ‘आय हिअर अ न्यू वर्ल्ड’. हे १९६०चं काम, त्यातला थोडाच भाग तेव्हा बाहेर आला, पूर्ण अल्बम १९९१मध्ये निघाला. हेडफोन लावून ऐका, फोनच्या स्पीकरवर त्यातलं निम्मं हरवतं.