छताचं ड्रायवॉल एकट्याने लावता येईल का?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो, बेसमेंट फिनिश करायला घेतलंय. भिंतींचं मी करेन पण छताची ड्रायवॉलची शीट्स (जिप्समचे तयार तक्ते) कशी चढवू? एक मित्र म्हणतो टू बाय फोरच्या लाकडी पट्ट्यांचा टी करून टेकू दे, दुसरा म्हणतो ड्रायवॉल लिफ्ट (चक्र फिरवून शीट वर नेणारं आणि धरून ठेवणारं यंत्र) भाड्याने आण. शीट्स ४ बाय ८ ची, अर्धा इंच जाडीची. मदतीला कोणी नाहीये.

उत्तर: येईल, पण लिफ्ट आणाच. टेकू दोघं असले की ठीक आहे, एकट्याने पन्नासेक पौंडांचं शीट डोक्यावर तोलत टेकू सरकवायचा हा नसता धोका आहे. साधारण लिफ्ट १५० पौंड पेलते आणि ११ फुटांपर्यंत जाते, तुम्हाला भरपूर झालं. भाड्याने घेताना केबल कुठे उसवलीये का आणि ब्रेक पकडतोय का ते तिथेच बघून घ्या.

आता खरं काम शीट वर जायच्या आधीचं आहे. टाऊनचं वायरिंगचं आणि फ्रेमिंगचं (लाकडी सांगाड्याचं) इन्स्पेक्शन झाल्याशिवाय छत झाकू नका, लावलेलं सगळं परत उघडायला लावतात. मग प्रत्येक जॉइस्टच्या (छतातल्या आडव्या तुळईच्या) मध्याची खूण भिंतीच्या वरच्या पट्टीवर करा, कारण एकदा शीट चढलं की जॉइस्ट दिसतच नाहीत आणि स्क्रू हवेत जातात. शीट जॉइस्टला आडवं लावायचं, टोक जॉइस्टच्या बरोबर मध्यावर यायला हवं, पुढच्या ओळीतले जोड मागेपुढे घ्या. जॉइस्ट एकमेकांपासून २४ इंचांवर असतील तर साधं अर्ध्या इंचाचं शीट पुढे झोळ धरतं, त्याला छतासाठीचं खास शीट किंवा ५/८ इंची घ्या.

लिफ्टचा वरचा भाग तिरका करून शीट खालच्या हुकांवर ठेवायचं, चांगली बाजू लिफ्टच्या दांड्यांकडे, म्हणजे आडवं केलं की ती खाली येते. चक्र फिरवत वर न्या, इंचभर अंतर राहिलं की थांबून लिफ्ट ढकलत शीट नेमकं जागेवर आणा आणि मगच टेकवा. टेकल्यावर आणखी जोर लावू नका, शीट तडकतं. सव्वा इंची स्क्रू १२ इंचांवर, डोकं जरासं आत जाऊ दे पण कागद फाटला तर तो स्क्रू धरत नाही, शेजारी दुसरा मारा. हात पोचेल तिथले सगळे स्क्रू बसल्याशिवाय लिफ्ट उतरवायची नाही, आणि उतरवताना चक्र हातातून अजिबात सोडायचं नाही, ते गरगर फिरतं आणि मनगटावर बसतं.

छताखालच्या हवेच्या डक्टच्या आसपास लिफ्ट मावणार नाही, तिथे लहान तुकडे कापा, त्यांना मित्राचा टी चालेल.

एका गोष्टीला मात्र माणूस हवाच, जिन्यावरून शीट्स खाली उतरवायला. ऑर्डर देतानाच विचारा की बेसमेंटमध्ये उतरवून देता का, जास्तीचे पैसे पडले तरी द्या.