रिपोर्ट नॉर्मल, तरी छातीत धडधड का?

“ईसीजी (हृदयाच्या ठोक्यांचा आलेख) नॉर्मल आहे, मग धडधड होतेच कशी?” मी समुपदेशक आहे, आणि हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. एका ताईंची हकीकत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

पुण्यात धायरीला राहणाऱ्या, चाळिशीच्या. सोबत आलेले यजमान बसायच्या आधीच म्हणाले, “मॅडम, हिचा ईसीजी चांगला आलाय. ही विचार फार करते, एवढंच.” ताई गप्प. धडधड नेमकी कधी होते, हे मी ताईंनाच विचारलं. रात्री आडवं झाल्यावर आणि जिना चढताना, म्हणाल्या. पूर्वी पर्वतीची टेकडी एका दमात चढायच्या, आता निम्म्यावर थांबावं लागायचं. पाळीत रक्तस्राव खूप.

हे ऐकल्यावर मी समुपदेशन पुढे नेलं नाही. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासायला आधी फॅमिली डॉक्टरांकडे पाठवलं. हिमोग्लोबिन ८ च्या घरात निघालं. बायकांचं किमान १२ तरी हवं. ते कमी असलं की रक्तातून प्राणवायू कमी पोचतो, म्हणून हृदय जास्त वेगाने धावतं. बाईची धडधड म्हटली की ‘टेन्शन’ म्हणून मोकळं होतात, याची मला मनापासून चीड येते.

साधा ईसीजी साधारण १० सेकंदांचीच नोंद घेतो. तेव्हा धडधड होत नसेल तर ती त्यात दिसणार कशी? म्हणून डॉक्टर कधी २४ तासांचं होल्टर, म्हणजे ठोक्यांची सतत नोंद घेणारं छोटं यंत्र, अंगावर लावतात. त्यांना नीट सांगा: बटण दाबल्यासारखी एकदम सुरू होऊन एकदम थांबते का, की हळूहळू वाढते? त्या वेळी नाडी किती होती? स्वस्थ बसलेलं असताना मिनिटाला ६० ते १०० ठीक. सर्दीच्या काही गोळ्या, दम्याचे काही पंप, कॉफी यांनीही ठोके वाढतात, तेही सांगा.

धडधडीबरोबर छातीत दुखलं, श्वास अपुरा पडला किंवा शुद्ध हरपली, तर थांबू नका, १०८ ला फोन करा. व्यायाम करताना धडधड होऊन भोवळ येत असेल, किंवा घरात कुणी तरुणपणीच अचानक गेलं असेल, तर हृदयरोगतज्ज्ञांना लवकर दाखवा.

लोहाच्या गोळ्या आणि पाळीवरचे उपचार सुरू झाल्यावर ताईंची जिन्यावरची धडधड ओसरली. रात्रीची राहिली, आणि तिथे माझं काम होतं. डाव्या कुशीवर ठोके जास्त जाणवायचे, त्या घाबरायच्या, घाबरल्यावर ठोके आणखी वाढायचे, आणि मग मनगटावरच्या स्मार्टवॉचमध्ये आकडे बघत जागरण. घड्याळ रात्री दुसऱ्या खोलीत ठेवायचं ठरलं. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यायचा, याचा सराव दिवसा केला. भीतीचा असा झटका बहुधा १० मिनिटांत टोकाला पोचतो आणि मग उतरू लागतो, हे कळल्यावर त्यांना धीर आला. यजमानांनी “काही झालेलं नाही” म्हणायचं सोडून नुसतं शेजारी बसायचं. हे जमायला त्यांना बरेच दिवस लागले.

मध्यंतरी बरं वाटतंय म्हणून ताईंनी गोळ्या बंद केल्या होत्या. मी त्यांना पुन्हा डॉक्टरांकडे पाठवलं. हिमोग्लोबिन भरल्यावरही शरीरातला लोहाचा साठा व्हायला साधारण ३ महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात.