प्रतिवादी आला नाही, मग?

प्रिय मुली,

परवा शिवाजीनगर कोर्टात तू तुझ्या बदनामीच्या दाव्याबद्दल वैतागून विचारलंस, "एकतर्फी हुकूम झालाय, समोर कोणी नाही, तरी न्यायाधीश साहेब मलाच का धारेवर धरतात?" जिन्यात उभ्याउभ्या सांगण्यासारखं उत्तर नव्हतं, म्हणून लिहितोय.

एकतर्फी हुकूम झाला म्हणजे दावा सिद्ध झाला असं नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ९, नियम ६ एवढंच म्हणतो, की समन्स रीतसर बजावलं असेल तर प्रतिवादीविना सुनावणी होऊ शकते. सुनावणी! ती टळलेली नाही. प्रतिवादीची कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, आली नाही म्हणून न्यायाधीशांनी डोळे झाकून निकाल देऊ नये, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली बलराज तनेजा प्रकरणात स्पष्ट केलंय. तेव्हा प्रतिवादी समोर बसलाय असं समजून पुरावा दे.

तुझी फाईल मी पाहिली. दाव्यात लिहिलंयस, "प्रतिवादीने बदनामीकारक मजकूर टाकला." अगं, कोणता मजकूर? त्याचे शब्द जसेच्या तसे हवेत, शिव्या असतील तर शिव्यांसकट. पोस्टमध्ये तुझ्या पक्षकार बाईंचं नावच नाही, "पेठेतल्या त्या क्लासवाल्या बाई" आहे. वाचणाऱ्याला त्या याच, हे कळलं कशावरून? एखादा पालक साक्षीला आण. आणि तो स्क्रीनशॉट! बॅटरी किती टक्के ते दिसतंय, पण तारीख नाही, लिंक नाही, खात्याचं नाव अर्धं कापलेलं. ते खातं प्रतिवादीचंच, हे कोण सांगणार? सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणारं प्रमाणपत्रही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या अर्जुन खोतकर निकालानंतर त्यावर वाद उरलेला नाही, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हॅश व्हॅल्यूही, म्हणजे फाईल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसाही, भरावा लागतो. उलटतपास घ्यायला कोणी नाही ना? मग तुझ्या साक्षीदाराचा उलटतपास आदल्या रात्री तूच घे.

समन्स बजावायला गेलेल्या बेलिफाचा अहवाल वाचलास? "दारास कुलूप, शेजारी सांगतात इथे राहत नाहीत." एवढ्यावर मिळवलेला हुकूमनामा टिकेल का? उद्या तो माणूस आदेश ९, नियम १३ खाली तो रद्द करण्याचा अर्ज घेऊन उभा राहील आणि समन्स मिळालंच नाही म्हणेल. कदाचित खरंच मिळालं नसेल.

मी तारखा वाढवतो, असं बार रूममध्ये बोललं जातं. साक्षीदाराशिवाय सरतपासाचं, म्हणजे त्याच्या जबानीचं, प्रतिज्ञापत्र द्यायला मी नकार दिला, म्हणून एका जुन्या पक्षकाराने माझ्याकडून फाईल काढून नेली. माणूस तुटला, त्याचं आजही वाईट वाटतं. तरी तेच करीन. बदनामीच्या दाव्यात समोरच्याने लिहिलेलं खरंही असू शकतं. ते खरं ठरवायचं ओझं त्याच्यावर आहे, कबूल. पण तो गावी गेलेला असेल, वकिलाची फी परवडत नसेल, घाबरला असेल. त्याच्या बाजूने बोलायला त्या खोलीत कोणीच नसतं, आणि कोर्ट तुझ्या शब्दावर विसंबून असतं. म्हणून पुन्हा सांगतो, कितीदा सांगावं लागलं तरी सांगेन: तो समोर बसलाय असं समजून पुरावा दे.

तुझ्या बाईंवर अन्याय झालाय, मला शंका नाही. म्हणूनच हे कच्चं राहायला नको. मूळ पोस्ट अजून दिसतेय का, ते आजच बघ. बदनामीकारक मजकुराच्या दाव्याला प्रसिद्धीपासून एकच वर्षाची मुदत असते, तेव्हा पहिल्या पोस्टची तारीख पक्की कर. सोमवारी बाईंना मूळ फोनसकट माझ्या ऑफिसात घेऊन ये. दावा दुरुस्तीचा अर्ज तिथेच बसून लिहू.