व्हेपचं व्होल्टेज किती ठेवावं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी ब्रिटनमधल्या मराठी वाचकांचे प्रश्न घेतले आहेत. तिथे व्हेप (ई-सिगारेट) कायदेशीर आहे, भारतात मात्र त्यावर बंदी आहे. भारतात येणाऱ्यांनी शेवटचा प्रश्न आवर्जून वाचावा.

प्रश्न : वय ५२, रोज पंधरा सिगारेटी ओढतो. सोडायच्या आहेत. दुकानदाराने व्होल्टेज कमी-जास्त करता येणारी तीन उपकरणं दाखवली : बुडाशी डायल असलेलं पेन, वॅट दाखवणारं लहान पॉड आणि सुट्या बॅटरीचं मोठं मॉड. कोणतं घेऊ? (स्लाव)

उपकरण शेवटी निवडा, आधी कॉइल निवडा. कॉइल म्हणजे कापसात भिजलेलं लिक्विड तापवून त्याची वाफ करणारी तार. कॉइल किती तापणार हे एकट्या व्होल्टेजवर ठरत नाही. व्होल्टेजचा वर्ग करून त्याला कॉइलच्या ओहमने (विजेला होणाऱ्या रोधाच्या मापाने) भागलं की वॅट, म्हणजे उष्णतेची ताकद, निघते. १.२ ओहमच्या कॉइलला ३.७ व्होल्ट दिले तर साडेअकरा वॅटच्या आसपास होतात. तेच ३.७ व्होल्ट ०.६ ओहमला दिले की जवळपास तेवीस.

पंधरा सिगारेटींची सवय असलेल्याला सिगारेटसारखाच घट्ट झुरका लागतो : धूर आधी तोंडात, मग छातीत. त्यासाठी १ ते १.२ ओहमची कॉइल आणि निम्मं पीजी (पातळ प्रॉपिलीन ग्लायकॉल), निम्मं व्हीजी (दाट व्हेजिटेबल ग्लिसरीन) असलेलं लिक्विड घ्या. त्यात निकोटिन सॉल्ट (निकोटिनचं क्षार रूप) असेल तर घशाला कमी टोचतं. ब्रिटनमध्ये लिक्विडमध्ये मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकोटिन चालत नाही, टाकी २ मिलिलिटरची आणि बाटली १० मिलिलिटरची असते. तुम्ही २० पासूनच सुरू करा. चक्कर किंवा मळमळ वाटली तर १० वर या. पहिल्याच दिवशी ३ किंवा ६ घेतलं की तल्लफ भागत नाही आणि माणूस आठवड्यात पुन्हा सिगारेटकडे वळतो. असं फार वेळा होतं.

आता उपकरण. तुमच्यासाठी वॅटचं पॉड सर्वांत सोयीचं. ते कॉइलचे ओहम स्वतः मोजतं, हिशोब तुम्हाला करावा लागत नाही. डायलचं पेन स्वस्त असतं आणि चालेलही, पण दोन गोष्टी तपासा. एक, डायल घट्ट आहे ना? सैल असेल तर खिशात फिरते आणि ३.४ वर ठेवलेलं पेन ४.८ वर जाऊन बसतं. दोन, बॅटरी उतरली तरी ठरवलेलं व्होल्टेज टिकतं ना? साध्या पेनमध्ये भरलेल्या बॅटरीचे ४.२ व्होल्ट उतरत उतरत ३.३ वर येतात. म्हणजे तुमच्या १.२ ओहमच्या कॉइलला सकाळी पावणेपंधरा वॅट आणि संध्याकाळी नऊ. मग चव गेली म्हणून माणूस जोरजोरात ओढत सुटतो.

मोठं मॉड नको. त्यातल्या सुट्या, १८६५० आकाराच्या बॅटरीचं प्लास्टिक वेष्टन फाटलं किंवा ती किल्ल्यांबरोबर खिशात पडली तर शॉर्ट होऊन पेट घेते. एवढ्या ताकदीची तुम्हाला गरजही नाही.

प्रश्न : पेन वर्षभर ३.८ व्होल्टवर उत्तम चालत होतं. दुकानात १.२ ची कॉइल नव्हती म्हणून ०.८ ची घेतली, लिक्विडही ७० टक्के व्हीजीचं आणलं. दोन दिवसांत करपट चव येऊ लागली. कॉइल खराब निघाली का? (लेस्टर)

कॉइल चांगलीच असावी. जुन्या कॉइलवर ३.८ व्होल्ट म्हणजे १२ वॅट होत होते, नवीवर तेच १८ झाले. म्हणजे डायलला हात न लावता उष्णता दीडपट झाली. कॉइलच्या अंगावर बारीक अक्षरात वॅटची मर्यादा छापलेली असते. समजा १२ ते १६ आहे. मग वॅटला ओहमने गुणून वर्गमूळ काढा : ०.८ साठी ३.१ ते ३.६ व्होल्ट. सुरुवात ३.१ वर करा, चव भरेपर्यंत एकेक दशांश वाढवा आणि तिथेच थांबा.

दुसरं कारण लिक्विड. ७० टक्के व्हीजी काकवीसारखं दाट असतं. लहान कॉइलच्या बारीक छिद्रांतून ते वेळेत आत झिरपत नाही, कापूस कोरडा पडतो आणि जळतो. जळलेला कापूस धुऊन सुधारत नाही, कॉइल टाकूनच द्या.

नवी बसवताना आधी कापसाच्या छिद्रांवर लिक्विडचे तीन-चार थेंब सोडा, टाकी भरा, दहा मिनिटं उभी ठेवा, बटण न दाबता चार-पाच हलके झुरके घ्या. मगच बटण दाबा. दोन झुरक्यांत पंधरा-वीस सेकंद जाऊ द्या. इतकं सांभाळलं तर कॉइल साधारण एक ते दोन आठवडे जाते. फार गोड लिक्विडने लवकर काळी पडते.

उलट चूकही होते : व्होल्टेज फारच कमी ठेवलं तर लिक्विडची वाफ होत नाही, ते गुडगुडतं आणि तोंडात येतं.

करपट झुरका सहन करू नका. २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापलेल्या एका प्रयोगात ३.३ व्होल्टला फॉर्मल्डिहाइड सोडणारी संयुगं आढळली नाहीत, ५ व्होल्टला भरपूर आढळली. त्यावर आक्षेप आला तो असा, की त्या कॉइलला ५ व्होल्टवर इतकी करपट चव येते की कुणी ओढणारच नाही. म्हणून करपट चव लागली की तो झुरका सोडा.

प्रश्न : मुलगा २२ वर्षांचा आहे, सिगारेट कधीच ओढली नाही. मित्रांकडे आहे म्हणून व्हेप मागतो. कमी व्होल्टेजचा सुरक्षित प्रकार सांगा. (बर्मिंगहॅम)

ताई, असा प्रकार नाही. व्होल्टेज कितीही कमी ठेवलं तरी निकोटिनची सवय लागतेच. सिगारेटच्या मानाने व्हेपची हानी बरीच कमी, पण हा फायदा सिगारेट ओढणाऱ्याचा. न ओढणाऱ्याच्या वाट्याला फक्त तोटाच येतो.

प्रश्न : दिवाळीला तीन आठवडे पुण्याला जातो आहे. एक पेन आणि दोन बाटल्या सामानात ठेवल्या तर चालेल ना? (लंडन)

नाही. २०१९ च्या कायद्याने भारतात ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात सगळं बंद आहे, आणि सामानातून आणणं हीसुद्धा आयातच. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पेन घरीच ठेवा.

तीन आठवड्यांसाठी निकोटिनचं च्युइंग गम घ्या. दिवसाला वीसपेक्षा कमी सिगारेटींची सवय असेल तर २ मिलिग्रॅमचं, त्याहून जास्त असेल तर ४ चं. नेहमीच्या गमसारखं सारखं चघळू नका. तिखट चव आली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा, चव गेली की पुन्हा चघळा. भराभर चघळलं तर निकोटिन पोटात जातं, उचकी लागते आणि तल्लफ तशीच राहते. पुण्यात फारच जड जायला लागलं तर तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन आहे : १८००-११२-३५६.