एक्सचेंज सेमिस्टरचा शेवटचा आठवडा इतका जड का जातो, आणि तो कसा घालवावा?

तू लिहिलंयस की जर्मनीतलं एक्सचेंज सेमिस्टर संपायला आठवडा राहिलाय, घरी जायची भयंकर ओढ लागलीय आणि तरी बॅग भरायला घेतली की रडू येतं, हे नॉर्मल आहे का आणि हे दिवस काढायचे कसे. तू म्हणते हं, वयाने लहान असशील असं धरून. मी पुण्याहून हायडेलबर्गला समर सेमिस्टरसाठी गेले होते, त्यामुळे तिथलंच सांगते.

नॉर्मल आहे गं, अगदी नॉर्मल. पण मला विचारशील तर रडू शहर सुटतंय म्हणून येत नाही. शहर कुठे जातंय? हायडेलबर्गचं विद्यापीठ १३८६ पासून तिथेच आहे, नेकार नदी, जुना पूल, वर तो लाल दगडाचा पडका किल्ला, दहा वर्षांनी गेलीस तरी सगळं जागच्या जागी असणार. सुटतं ते होस्टेलच्या मजल्यावरचं कॉमन किचन आणि त्यात रोज रात्री जमणारी माणसं. पुण्यातलं कॉलेज संपलं तेव्हा मी एवढी रडले नव्हते, कारण मैत्रिणी कोथरूडला नाहीतर फार तर बंगलोरला, दिवाळीत भेटणारच. इथे एक सेऊलची, एक सेव्हिलची, एक इझमिरचा, एक पोलंडचा, आणि हे सगळे एकाच वेळी एकाच खोलीत परत कधीही येणार नाहीत हे प्रत्येकाला माहीत असतं, कोणी बोलत नाही इतकंच.

त्यात सगळे एका दिवशी जात नाहीत. कोणाची परीक्षा आधी संपते, कोणाचं स्वस्त तिकीट मंगळवारचं असतं, मग रोज एकाला सोडायला स्टेशनवर जायचं आणि येताना ट्राममध्ये एक माणूस कमी. लग्नघरातले पाहुणे एकेक करून निघायला लागले की घराचं जे होतं ना, तसंच त्या किचनचं होतं. फ्रिजमधला एकेक कप्पा रिकामा होत जातो. म्हणून तिकीट अजून बदलता येत असेल तर सगळ्यात शेवटी जाणारी तू होऊ नकोस. बाकीच्यांचं जाणं चालू असतानाच मधे कुठेतरी निघ. सगळे गेल्यावर त्या मजल्यावर एकटीने तीन-चार दिवस काढणं फार अवघड असतं, मी आमच्या मजल्यावर राहिलेल्या मुलीचे मेसेज वाचलेत.

आता कागदपत्रं, कारण ती डोक्यावर असली तर कोणाशी धड बोलणंही होत नाही. आबमेल्डुंग, म्हणजे तिथल्या पत्त्यावरची नोंद रद्द करणं, देश सोडायच्या जास्तीत जास्त एक आठवडा आधीपासून करता येतं, त्याआधी घेत नाहीत, म्हणजे तुझी वेळ आत्ताच आहे, उद्याच कर. तो कागद मिळाला की रेडिओ-टीव्हीची फी, ती महिन्याला १८.३६ युरोवाली, तुझ्या नावावर असेल तर त्याच कागदावर बंद होते, नाहीतर घरी गेल्यावरही बिल चालूच राहतं. डॉइचलांडटिकेट, म्हणजे ट्राम-बस-ट्रेनचा तो महिन्याचा पास, महिन्याच्या १० तारखेच्या आत कॅन्सल करावं लागतं ते बघून घे. बँक अकाउंट खोलीचं डिपॉझिट परत येईपर्यंत बंद करू नकोस. आणि एक्सचेंजच्या कागदांवर इंटरनॅशनल ऑफिसची सही समोर उभं राहून घे, मेलवर पाठवतो म्हणाले तरी. बस, हे दोन दिवसांत उरकतं.

आणि मग कुठेही जाऊ नकोस! हे मी मुद्दाम सांगतेय, कारण शेवटच्या आठवड्यात सगळ्यांना एकदम आठवतं की अरे पॅरिस राहिलं, प्राग राहिलं, आणि चार रात्री बसमध्ये जातात. प्राग नंतर बघशील, नवऱ्याबरोबर बघशील, आईबाबांना घेऊन बघशील. आम्ही रोजचंच केलं. विद्यापीठाच्या मार्स्टाल मेसमध्ये जेवलो, पुलावरून पलीकडे जाऊन ती दमवणारी पायवाट चढून फिलॉसॉफनवेग या डोंगरउतारावरच्या रस्त्यावर बसलो, संध्याकाळी नदीकाठच्या हिरवळीवर. जुलैत तिथे साडेनऊपर्यंत उजेड असतो त्यामुळे संध्याकाळ संपतच नाही, आणि त्या आठवड्यात ते फार बरं वाटतं. किचनमध्ये सेमिस्टरभराच्या बाटल्या साठल्या होत्या, प्लास्टिकच्या बाटलीचे २५ सेंट परत मिळतात ना, त्या सगळ्या पोत्यात भरून सुपरमार्केटच्या मशीनमध्ये घातल्या आणि त्या पैशात शेवटच्या जेवणाचं सामान आणलं. मी पावभाजी केली, पाव म्हणून तिथले ब्रेड रोल, इझमिरवाल्याने तीनदा घेतली.

आम्ही सगळे पूर्ण संख्येने शेवटचे एकत्र होतो ते मात्र त्याच्या थोडं आधी, जुलैच्या दुसऱ्या शनिवारी. त्या रात्री किल्ला लाल उजेडात पेटल्यासारखा दिसतो आणि मग नदीवर फटाके उडतात, फ्रेंच सैन्याने १६८९ आणि १६९३ मध्ये किल्ला उद्ध्वस्त केला त्याची ती आठवण. अख्खं गाव नदीकाठी चटया टाकून बसलेलं. तुमच्या गावातही असं काहीतरी असेल, अजून व्हायचं असेल तर सगळ्यांना ओढून ने.

एक जागा मी एकटीने बघायला गेले, तेही सांगते. तिथल्या साउथ एशिया इन्स्टिट्यूटची लायब्ररी. खंडोबावर आणि धनगरांवर आयुष्यभर काम केलेले गुंथर सोन्थायमर तिथेच शिकवायचे, १९९२ मध्ये वारले ते. एप्रिलमध्ये जेव्हा घरची फार आठवण यायची तेव्हा मी तिथल्या मराठी पुस्तकांच्या कपाटाशी जाऊन बसायचे, काही वाचलं नाही तरी पुस्तकांच्या पाठीवरची नावं वाचून बरं वाटायचं. शेवटच्या आठवड्यात तिथेही जाऊन बसले. तुझीही अशी एखादी जागा असेल जी ग्रुपला माहीत नाही, तिथे एक तास एकटी जा.

सामानाचं म्हणशील तर कुकर आणू नकोस. माझा कुकर मला नागपूरच्या एका सीनियरने दिला होता, मी तो ऑक्टोबरमध्ये येणाऱ्या मुलीसाठी शेजारच्या भारतीय मुलाकडे ठेवून आले, मसाल्याच्या डब्यासकट. तेवीस किलोत कुकर बसवण्यापेक्षा लोकांनी दिलेल्या बारीकसारीक वस्तू आण, चिठ्ठ्या आण.

आणि निरोप एकेकाला वेगळा दे. पार्टीत सगळ्यांना मिळून मिठी मारली की झालं असं वाटतं, पण होत नाही. प्रत्येकाबरोबर एक कॉफी, एक फेरी, आणि तुझ्यामुळे माझं हे सेमिस्टर कसं सोपं गेलं ते तोंडाने सांग, आपल्याकडे असं बोलायची सवय नसते तरी सांग. ग्रुप कॉल हळूहळू बंद पडतात, टाइम झोन आडवे येतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. पण जिच्याशी तू एकटीशी नीट बोललेली असतेस ती राहते. सेव्हिलवाली नंतर गणपतीत पुण्याला आली होती, आमच्याकडेच उतरली, आईने तिला उकडीच्या मोदकाच्या पाकळ्या काढायला बसवलं आणि तिला त्या माझ्यापेक्षा चांगल्या जमल्या.