काका म्हणतात वाफसा नाही, म्हणजे काय?

प्रश्न : दादा, मी घणसोलीला राहतो, नोकरी ऐरोलीत, शेती मुरबाडकडे, ती काका बघतात. भातकापणी झाली, आता वाल पेरायचेत म्हणून मी ट्रॅक्टरचे पैसे पाठवले तर काका म्हणाले थांब, अजून वाफसा नाहीये. पण जमीन तर चांगली ओली आहे! आणि सातबाऱ्यावर पोटखराबा लिहिलाय, म्हणजे आमची जमीन खराब आहे का?

उत्तर : जमीन ओली आहे म्हणूनच काका थांबलेत आणि अगदी बरोबर करतायत. वाफसा म्हणजे नुसती ओल नाही. मातीच्या बारीक पोकळ्यांत पाणी आणि मोठ्या पोकळ्यांत हवा, असं दोन्ही एकाच वेळी असेल तेव्हा वाफसा आला म्हणायचं, कारण मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते आणि साचलेल्या पाण्यात वालाचं बी रुजायच्या आधीच कुजतं. त्यात अशा ओल्या रानात ट्रॅक्टर घातला की चाकाखाली माती दाबली जाते, वर मोठी ढेकळं निघतात, ती वाळली की विटेसारखी होतात आणि मग तुमचे पैसे ती फोडण्यातच जातात.

तुमचा गोंधळ होतो कारण जूनपासून तुम्ही भात बघताय. भाताला आपण मुद्दाम चिखलणी करतो, रोपं चिखलातच लावतो, तिथे वाफसा कोणी विचारत नाही. त्याच खाचरात नंतर वाल किंवा हरभरा घ्यायचा तर मात्र सगळं उलटं.

रविवारी गावी जा आणि स्वतः बघा. चार बोटं खालची माती मुठीत घेऊन दाबा. बोटांमधून चिखल आला तर थांबायचं, गोळाच झाला नाही तर उशीर झालाय. गोळा झाला आणि अंगठ्याने हलकं दाबल्यावर भुसभुशीत फुटला की काकांना म्हणा चला. माझे आजोबा तर अनवाणी बांधावरून खाली उतरायचे आणि टाचेला माती चिकटली की काही न बोलता परत वर यायचे. पण जास्त दिवस थांबूही नका, भातानंतरचा वाल उरलेल्या ओलीवरच वाढतो.

पोटखराबा म्हणजे त्याच गटातला लागवडीला न येणारा तुकडा, उदा. खडक, नाला, रस्ता. बाकीच्या जमिनीचा त्याच्याशी काही संबंध नाही, घाबरू नका. त्याचं क्षेत्र वेगळं लिहिलेलं असतं, ते वजा करूनच बियाण्याचा हिशोब करा.

आणि हो, सातबाऱ्यावरचा आर म्हणजे गुंठा नव्हे. आर 100 चौरस मीटरचा, गुंठा 1089 चौरस फुटांचा म्हणजे साधारण 101 चौरस मीटर. बियाणं, खतासाठी दोन्ही सारखे धरले तरी चालतं, पण भावाभावांत वाटणी करताना धरू नका, 40 आर म्हणजे पूर्ण एकर होत नाही, अर्धा गुंठा कमीच भरतो आणि बांधावरची भांडणं तेवढ्यावरूनही होतात.