‘हेम्प’ म्हणजे ताग, अंबाडी की भांग?

एका अनुवादक वाचकाने प्रश्न विचारला आहे. ‘मारिजुआना कायदेशीर करावा आणि हेम्पचा वापर वाढवावा’ असा युक्तिवाद करणाऱ्या एका अमेरिकी लेखाचा ते मराठी अनुवाद करत आहेत. त्यांनी मारिजुआनासाठी ‘गांजा’ आणि हेम्पसाठी ‘ताग’ हे शब्द योजले होते. संपादकांनी ‘ताग’ खोडून तेथे ‘भांग’ लिहिले. त्यावर अनुवादकांचा आक्षेप असा की भांग हे होळीला प्यायचे पेय असून त्याचे कापड किंवा दोर कसे होतील. यांपैकी बरोबर कोण, असा त्यांचा प्रश्न आहे.

‘ताग’ हा शब्द चुकीचा आहे, याबाबत संपादकांशी दुमत होण्याचे कारण नाही. ‘भांग’ हा शब्द बरोबर आहे, मात्र तो एकटा पुरेसा नाही, आणि तो का पुरेसा नाही हे पाहताना मूळ लेखातील युक्तिवादही आपल्याकडे जसाच्या तसा लागू होत नाही, हे ध्यानात येते.

प्रथम तागाविषयी. महाराष्ट्रातील शेतकरी हिरवळीच्या खतासाठी पेरून फुलोऱ्यापूर्वी जमिनीत गाडतो तो पिवळ्या फुलांचा ताग ही शेंगवर्गीय वनस्पती आहे, आणि गोणपाट ज्याचे होते त्या बंगालच्या ज्यूटलाही आपण सरसकट तागच म्हणतो. या दोहोंचा भांगेच्या झाडाशी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने कोणताही संबंध नाही. गोंधळ इंग्रजांच्या काळातला आहे. दोर वळता येईल असा वाख देणाऱ्या जवळजवळ प्रत्येक वनस्पतीला त्यांच्या व्यापाऱ्यांनी ‘हेम्प’ म्हटले: आपला ताग ‘सन हेम्प’ झाला, अंबाडी ‘डेक्कन हेम्प’ किंवा ‘बॉम्बे हेम्प’ झाली, घायपात ‘सिसल हेम्प’ झाला, आणि फिलिपाइन्समधील केळीच्या जातीच्या एका झाडाचा धागा ‘मनिला हेम्प’ या नावाने विकला जाऊ लागला. अंबाडीच्या शास्त्रीय नावातही ‘कॅनाबिनस’, म्हणजे ‘कॅनाबिस’सारखी किंवा भांगेसारखी, हे विशेषण आहे, ते तिची पाने भांगेच्या पानांसारखी बोटाबोटांची असतात म्हणून. एरवी ती भेंडीच्या कुळातली, आणि लसणाची फोडणी देऊन कण्यांबरोबर खाल्लेल्या तिच्या भाजीने कोणाला कधी नशा आल्याचे ऐकिवात नाही. त्यामुळे इंग्रजी कोशात ‘हेम्प’समोर ताग, सण, अंबाडी असे मराठी प्रतिशब्द दिसले, तरी कायद्याविषयीच्या लेखात ते वापरता येत नाहीत. ‘तागाच्या लागवडीवरील बंदी उठवावी’ असे छापून आले, तर मराठवाड्यातील शेतकरी ही बंदी घातली कधी, असेच विचारील.

संस्कृतात हा भेद बराचसा राखलेला दिसतो. ‘शण’, म्हणजे ताग, आणि ‘भङ्गा’ हे दोन्ही शब्द अथर्ववेदात वेगवेगळे येतात. पाणिनीने ‘विभाषा तिलमाषोमाभङ्गाणुभ्यः’ या सूत्रात तीळ, उडीद, जवस यांच्या रांगेत भंगेला बसवले आहे. तिळाच्या शेताला जसे तिल्य किंवा तैलीन म्हणावे, तसे भंगेच्या शेताला भङ्ग्य किंवा भाङ्गीन म्हणावे, असा त्याचा अर्थ. म्हणजे पाणिनीला भंगा हे पेय म्हणून नव्हे, तर शेतात उभे असलेले पीक म्हणून ठाऊक आहे. मराठीतही ‘तुळशीत भांग आणि भांगेत तुळस’ ही म्हण झाडाविषयीच बोलते. घोटलेल्या भांगेत तुळस उगवत नाही. तेव्हा ‘भांग म्हणजे केवळ पेय’ हा अनुवादकांचा आक्षेप टिकत नाही. भांग हे झाडाचे नाव आहे, त्याच्या पानांचे नाव आहे आणि ती पाने घोटून केलेल्या पेयाचेही नाव आहे. एकाच शब्दावर तीन अर्थांचे ओझे आहे, एवढेच.

आता मुख्य गुंत्याकडे वळू. आपल्या भाषांनी या एका झाडाच्या भागांना स्वतंत्र नावे दिली: पानांची भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा गांजा आणि त्या फुलोऱ्यावरच्या चिकट राळेचा चरस. गांज्यासाठी लागवड करणारा नर झाडे ओळखून उपटून टाकतो, म्हणजे मादी फुलांत बी धरत नाही आणि राळ अधिक सुटते. धाग्यासाठी लागवड करणारा तेच झाड दाट पेरतो, म्हणजे फांद्या न फुटता काठ्या सरळ उंच वाढतात, आणि मग त्या कुजवून सोलतो. जात तीच, पण शेती वेगळी आणि हाती येणारा मालही वेगळा. म्हणून ‘गांजाची शेती’ हा वृत्तपत्रांचा लाडका मथळा शब्दार्थाने ‘कणसांची शेती’ म्हणण्यासारखा आहे; तो आता रूढ झाला आहे आणि बोलण्यात चालेलही, पण धाग्याच्या पिकाविषयी लिहिताना त्याच शब्दाने वाचकाची दिशाभूल होते.

ही विभागणी केवळ बोलीपुरती राहिलेली नाही. १९८५ च्या गुंगीकारक औषधिद्रव्यांविषयीच्या केंद्रीय कायद्याने, ज्याला सर्वजण एनडीपीएस म्हणतात, ती देशी शब्दांसह उचलली आहे. त्या कायद्यात ‘कॅनाबिस (हेम्प)’ या संज्ञेची व्याख्या चरस, गांजा आणि त्यांचे कोणतेही मिश्रण किंवा पेय अशी आहे. गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे, आणि शेंड्यांशिवाय असलेली पाने व बिया त्यातून वगळलेल्या आहेत. पानांना वगळण्यामागे १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराची व्याख्या आहे. याचा परिणाम असा की नुसत्या पानांची भांग या केंद्रीय कायद्याबाहेर राहिली आणि तिचे नियमन राज्यांकडे गेले. जैसलमेर किंवा वाराणसीत भांगेचे सरकारमान्य दुकान असू शकते, तर महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याविना भांग बाळगणे हा गुन्हा ठरतो.

शब्दाची व्याख्या येथे माणसाच्या आयुष्यातील वर्षे ठरवते. गांजा एक किलोपर्यंत असेल तर ते ‘अल्प प्रमाण’ मानले जाते आणि शिक्षा एक वर्षापर्यंत आहे. वीस किलोंहून अधिक असेल तर ते ‘व्यापारी प्रमाण’, ज्याला किमान दहा वर्षे सक्तमजुरी आहे आणि जामीनही अतिशय अवघड आहे. पोलिसांनी उपटलेली झाडे देठ, पाने, मुळांसकट पोत्यात भरून तोलली, तर त्या वजनात ‘गांजा’ किती, हा प्रश्न बचावाचे वकील विचारतात, आणि न्यायालयांनी त्याची दखल घेऊन जामीन दिल्याची उदाहरणे आहेत. ‘गांजा’ या शब्दाचा काटेकोर अर्थ सांभाळण्याचा आग्रह ज्यांना पंडिती वाटतो, त्यांनी अशा एखाद्या प्रकरणाची कागदपत्रे वाचावीत.

अमेरिकेतील विभागणी याहून पूर्णपणे वेगळी आहे. ‘मारिजुआना’ हा मेक्सिकोतील स्पॅनिशमधून आलेला शब्द तेथे १९३७ च्या कर-कायद्याने अधिकृत झाला, आणि त्याच्या व्याख्येत पक्व देठ व त्यांचा धागा वगळून जवळजवळ सगळे झाडच आले. २०१८ च्या कृषी कायद्याने त्यातून ‘हेम्प’ बाजूला काढले ते रासायनिक कसोटीवर: ज्या झाडात वाळलेल्या वजनाच्या ०.३ टक्क्यांहून अधिक टीएचसी, म्हणजे नशा आणणारे मुख्य द्रव्य, नाही ते हेम्प, बाकीचे मारिजुआना. आपल्याकडे झाडाचा भाग पाहतात, तेथे द्रव्याचे प्रमाण पाहतात. आणि गंमत अशी की आपल्या कायद्यातील कंसात जे ‘हेम्प’ आहे ते नशेचेच नाव आहे, तर अमेरिकेच्या कायद्यातील ‘हेम्प’ हे नशा नसलेल्याचे. आपल्या कायद्यातला अर्थ जुना आहे. १८९३ साली नेमलेल्या आणि अकराशेहून अधिक साक्षीदार तपासणाऱ्या ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’च्या नावातही हेम्प म्हणजे भांग, गांजा आणि चरसच होते. त्या आयोगाने या पदार्थांच्या माफक सेवनाचे दुष्परिणाम जवळजवळ नाहीत आणि संपूर्ण बंदी आवश्यकही नाही व इष्टही नाही, असा निष्कर्ष काढला होता. वैधीकरणाच्या बाजूने बोलणारे आजही त्याचा दाखला देतात, तेव्हा त्या अहवालातील ‘हेम्प’ म्हणजे कापडाचा धागा असे समजून कोणी अनुवाद केला, तर सगळाच युक्तिवाद उलटा होईल.

म्हणून माझी सूचना अशी. झाडासाठी ‘भांगेचे झाड’, धाग्यासाठी ‘भांगेचा वाख’, बियांसाठी ‘भांगेचे बी’, आणि अमेरिकी अर्थाच्या हेम्पसाठी ‘औद्योगिक भांग’ किंवा पहिल्या उल्लेखात ‘नशारहित भांग’ म्हणावे. मारिजुआनासाठी ‘गांजा’ सर्वांत जवळचा आहे. पानांचाही समावेश अभिप्रेत असेल तेथे ‘भांग-गांजा’ असा जोडशब्द लिहिला तर बिघडत नाही. आच्छादनावर ‘हेम्प’ असे छापून माल विकणाऱ्यांना ‘भांग’ हा शब्द नको असतो, कारण त्याला होळीचा रंग चिकटलेला आहे, हे मला समजते. परंतु अनुवादकाने विक्रेत्याची अडचण स्वतःच्या अंगावर घेण्याचे कारण नाही. कुमाऊँत भांगेच्या भाजलेल्या बियांची चटणी ‘भांगेची चटणी’ याच नावाने घरोघरी खातात आणि त्या नावामुळे कोणी बिचकत नाही. अशा बिया आणि त्यांचे तेल यांना केंद्रीय अन्न प्राधिकरणाने २०२१ मध्ये खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली आहे.

याच शब्दांनी मूळ लेखातील मागण्या मांडल्या की त्यांचे तुकडे वेगळे दिसू लागतात. ‘औद्योगिक भांगेला परवानगी द्यावी’ ही मागणी भारतात कायदा बदलण्याची नाहीच. एनडीपीएसच्या चौदाव्या कलमात धागा, बी किंवा बागकाम यांसाठी लागवडीला परवानगी देण्याची तरतूद पहिल्यापासून आहे आणि उत्तराखंडाने २०१८ मध्ये ०.३ टक्क्यांचीच मर्यादा घालून असा परवाना दिला. येथे मागणी आहे ती राज्यांनी असलेली तरतूद वापरावी, एवढीच, आणि महाराष्ट्राने तिचा विचार करायला हरकत नाही, असे माझे मत आहे. वाख सोलल्यावर उरणाऱ्या काडीचा भुगा चुन्यात कालवून हलक्या भिंती बांधण्याचे तंत्र युरोपात नवे म्हणून मिरवले जाते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेरूळच्या बाराव्या लेण्याच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तुकडे मिसळलेले आढळले आणि गिलावा किडीपासून वाचण्याचे व दीर्घकाळ टिकण्याचे श्रेय अभ्यासकांनी त्याला दिले. धाग्याच्या आणि नशेच्या शब्दांची सरमिसळ झाली, की अशा उपयोगांवर बोलणारा माणूसही गांज्याचा वकील ठरतो.

औषधाची मागणी तिसरीच आहे. कलकत्त्यात विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरने १८३९ मध्ये भांगेच्या झाडापासून केलेली औषधे धनुर्वातावर आणि तान्ह्या मुलाच्या झटक्यांवर दिल्याचे निष्कर्ष मांडले, आणि २०१८ मध्ये अमेरिकेत मान्य झालेले एपिडायोलेक्स हे औषधही प्रथम बालपणी सुरू होणाऱ्या दुर्धर अपस्माराच्या दोन प्रकारांसाठीच मान्य झाले. त्यातील सीबीडी हे याच झाडातले द्रव्य नशा आणत नाही. आयुर्वेदात याच झाडाला ‘विजया’ म्हणतात, तेव्हा औषधाच्या संदर्भात तो शब्द आयता उपलब्ध आहे आणि तो तेथेच शोभतो.

राहिली खरी वादाची मागणी, चैनीच्या गांज्याची. तेथे ‘कायदेशीर करणे’ हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. सेवन करणाऱ्याला गुन्हेगार न मानता दंड किंवा उपचाराकडे वळवणे, जसे पोर्तुगालने २००१ पासून केले, याला ‘गुन्हा न ठरवणे’ म्हणावे. परवाने, कर आणि वयोमर्यादा घालून विक्रीच खुली करणे, जसे कॅनडाने ऑक्टोबर २०१८ मध्ये केले, याला ‘वैधीकरण’ म्हणावे. जर्मनीने एप्रिल २०२४ पासून प्रौढांना सोबत पंचवीस ग्रॅम बाळगण्याची आणि घरी तीन झाडे लावण्याची मुभा दिली, पण दुकानातली विक्री उघडली नाही. ते या दोहोंच्या मधले आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या सर्वेक्षणानुसार भारतात वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलेल्यांची संख्या सुमारे ३ कोटी १० लाख होती आणि त्यांतील मोठा भाग केवळ भांग पिणाऱ्यांचा होता. याच पाहणीत मद्यपान करणारे सुमारे १६ कोटी होते. या आकड्यांवरून ‘गुन्हा न ठरवण्याची’ मागणी मला रास्त वाटते. ‘वैधीकरणा’बद्दल मी साशंक आहे, कारण कोवळ्या वयातील मेंदूवर टीएचसीचा होणारा परिणाम आणि मनोविकारांचा धोका हे खरे आहेत आणि आपल्याकडे दारूची वयोमर्यादा कशी पाळली जाते ते सर्वांना दिसते. अनुवादात मात्र माझे किंवा अनुवादकांचे मत आणू नये. मूळ लेखक या दोहोंपैकी काय मागतो आहे ते पाहून शब्द निवडावा.

जाता जाता, ‘अमली’ की ‘अंमली’ असेही त्यांनी विचारले आहे. मूळ अरबी ‘अमल’ या शब्दात अनुस्वार नाही, पण मराठीत ‘अंमल’ हे रूप नशा आणि सत्ता या दोन्ही अर्थांनी इतके मुरले आहे की ‘अंमली पदार्थ’ आणि त्यांच्याविरुद्धच्या कायद्याची ‘अंमलबजावणी’ हे दोन्ही एकाच शब्दातून निघाले आहेत. कोणतेही एक रूप घ्यावे आणि सबंध लेखात तेच ठेवावे.